वाचनाचा नेम आणि वर्षाचा आकडा

नवं वर्ष लागलं की ‘यंदा अमुक इतकी पुस्तकं वाचणार’ असं जाहीर करण्याची पद्धत मराठी वाचकांतही आता चांगली रुळली आहे. कुणी बारा म्हणतं, कुणी चोवीस, कुणी आठवड्याला एक या हिशेबानं बावन्न. डिसेंबर आला की वाचून झालेल्या पुस्तकांच्या चळतीचे फोटो फिरू लागतात आणि ज्याचा आकडा गाठायचा राहिला तो गप्प बसतो. ही हौस पुण्या-मुंबईत आणि परदेशातल्या मराठी घरांत आधी आली. आता फोनमुळे ती हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढ्याच्या वाचकापर्यंतही पोहोचली आहे. ती त्याच्या कामाची आहे का, असेल तर कोणत्या रूपात, हे एकदा नीट तपासून पाहायला हवं. माझं मत आधीच सांगतो. वाचनाचा संकल्प जरूर करावा, चारचौघांना सांगून करावा, पण तो रोजच्या नेमाचा असावा. पुस्तकांच्या संख्येचा नको. आणि नेमाच्या बाबतीत हिंगोली जिल्ह्याला बाहेरून काही शिकून यायची गरज नाही.

संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून ओळखली जाणारी नरसी याच जिल्ह्यात आहे. नामदेवांना ज्यांच्याकडून गुरूपदेश मिळाला त्या विसोबा खेचरांचं नाव औंढा नागनाथाशी जोडलेलं आहे. या पट्ट्यात वारकरी परंपरा खोल रुजलेली आहे आणि तिच्याबरोबर वाचनाची एक फार जुनी शिस्तही. गावात अखंड हरिनाम सप्ताह बसतो तेव्हा पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन असा सात दिवसांचा क्रम असतो. पारायणाला बसणाऱ्यानं सात दिवसांत सुमारे 9,000 ओव्या पुऱ्या करायच्या असतात. म्हणजे रोजच्या जवळजवळ 1,300. हे आव्हान लहान नाही, आणि ते शेतकरी, मजूर, घर सांभाळून आलेल्या बाया पार पाडतात.

पारायणाची बैठक जवळून पाहण्यासारखी असते. मंडपात रांगा धरून लोक बसलेले, प्रत्येकापुढे पाटावर ज्ञानेश्वरी, समोर व्यासपीठ चालवणारे महाराज. सगळ्यांचा आवाज एका चालीत चाललेला असतो. ज्याला भराभर वाचता येत नाही तो मागे पडतो, मग शेजारचा आपलं वाचन न थांबवता त्याच्या पानावर बोट ठेवून चालू ओवी दाखवतो आणि तो पुन्हा चालीत मिसळतो. या पद्धतीत एक बारीक शहाणपण आहे. ज्ञानेश्वरीचे अध्याय अठरा, दिवस सात; पण रोजचा वाटा अध्याय मोजून ठरवत नाहीत, कारण बाराव्या अध्यायात अडीचशे ओव्याही नाहीत आणि अठराव्यात 1,800च्या वर आहेत. विसाव्याची जागा ओव्यांच्या अंदाजानं धरलेली असते. आजचे आकड्याचे संकल्प नेमके इथंच घसरतात. दीडशे पानांची कादंबरीही एक पुस्तक आणि सहाशे पानांचं चरित्रही एकच पुस्तक, असा हिशेब धरला की वाचणारा नकळत बारीक पुस्तकांकडे वळतो.

श्रावणात पोथी लागते तिचा बाज वेगळा. ‘रामविजय’ 40 अध्यायांचा, ‘हरिविजय’ 36, ‘पांडवप्रताप’ 64. रात्री जेवणं आटोपली की मारुतीच्या देवळात एक जण वाचतो, दुसरा अर्थ सांगतो आणि बाकीचे ऐकतात. रोज एक अध्याय धरला तरी ‘पांडवप्रताप’ दोन महिने पुरतो. या मैफलीत निरक्षर माणूसही पूर्ण सहभागी असतो. कथेतला प्रसंग त्याला वाचणाऱ्याइतकाच पाठ असतो. ऐकणं म्हणजे वाचन का, असा वाद हल्ली श्राव्यपुस्तकांवरून घातला जातो. 2017मध्ये स्टोरीटेल मराठीत आल्यापासून तो जास्तच रंगला. पोथी ऐकत मोठ्या झालेल्या माणसांच्या जिल्ह्यात त्या वादावर वेळ घालवण्याचं कारण मला दिसत नाही. ज्यानं ऐकलं, समजून घेतलं आणि दुसऱ्याला सांगितलं, त्याच्या खात्यावर ते जमाच धरलं पाहिजे.

आता वार्षिक आव्हानाच्या आधुनिक रूपाकडे येऊ. वाचकांनी पुस्तकांची नोंद ठेवावी म्हणून निघालेल्या गुडरीड्स या संकेतस्थळानं 2011पासून वार्षिक आव्हान सुरू केलं. वर्षाच्या आरंभी आकडा जाहीर करायचा, प्रत्येक पुस्तक संपलं की नोंद करायची आणि आपण वेळापत्रकाच्या पुढे आहोत की मागे ते पडद्यावर बघायचं. 2013मध्ये हे संकेतस्थळ अ‍ॅमेझॉननं विकत घेतलं आणि त्याचा पसारा आणखी वाढला. मुलांसाठी असे उपक्रम त्याच्याही आधीचे आहेत; ब्रिटनमधली सार्वजनिक ग्रंथालयं 1999पासून दर उन्हाळ्यात शाळकरी मुलांना वाचनाचं आव्हान देत आली आहेत. पुढे आकड्याचा कंटाळा आलेल्या वाचकांनी विषयांच्या याद्या काढल्या: एक आत्मचरित्र, एक अनुवाद, एक प्रवासवर्णन, एक आपल्या जन्माच्या आधी छापलेलं पुस्तक. मराठी वाचकांच्या फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅप गटांत अशा याद्या आता दरवर्षी निघतात. मला हा प्रकार आकड्यापेक्षा पुष्कळ बरा वाटतो. आपण होऊन ज्याला कधी हात लावला नसता असं एखादं पुस्तक त्यामुळे हाती येतं. फक्त एक अडचण आहे. परदेशी संकेतस्थळांवर मराठी पुस्तकांच्या नोंदी अपुऱ्या असतात आणि एकाच पुस्तकाच्या तीन-चार तुटक नोंदीही सापडतात. मराठी वाचकाला साधी दोनशे पानी वहीच जास्त भरवशाची.

खुद्द मराठीत वर्षाकाठी ठरल्या वेळी येणारं वाचन म्हटलं की दिवाळी अंकच आठवतात. का. र. मित्र यांनी 1909मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा अखंड आहे. तालुक्याच्या गावची ग्रंथालयं दिवाळी अंक योजना चालवतात. एकदाच वर्गणी भरायची आणि पुढचे दोन-तीन महिने अंक बदलून नेत राहायचे. वर्गणी वसूल व्हावी म्हणून माणूस झपाट्यानं वाचतो, अंक परत करताना काउंटरवर ‘यातली अमकी कथा वाचा’ असं पुढच्याला सांगतो. यात मुदत असते, सोबत असते, आकड्याची चढाओढ नसते. वाचनाचं आव्हान कसं असावं याचा नमुना म्हणून मी याच योजनेकडे बोट दाखवीन.

आकड्याबद्दल माझा आक्षेप नुसता आवडीनिवडीचा नाही. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या जॉर्डन एटकिन यांनी 2016मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. चालणं, चित्रं रंगवणं, वाचणं अशा आवडीनं करायच्या गोष्टी लोकांना मोजायला लावल्या. मोजणाऱ्यांच्या हातून काम जास्त झालं, पण त्यातली गोडी कमी झाली आणि नंतर आपखुशीनं तीच गोष्ट करण्याकडे त्यांचा कल घटला. बक्षिसाबद्दलचा इशारा तर याहून जुना आहे. 1973मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीतल्या, चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांवर प्रयोग केला. ज्या मुलांना ‘चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असं आधी सांगितलं होतं, ती पुढे मोकळ्या वेळात चित्रांकडे निम्म्यानंच वळली. ज्यांना काही कबूल केलं नव्हतं त्यांची आवड टिकली. दुसऱ्या बाजूनं, संकल्प कसा केला तर पार पडतो याचाही अभ्यास झालेला आहे. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञानं 1999मध्ये मांडलं की, ‘मी अमुक करीन’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘अमुक वेळी, अमुक ठिकाणी करीन’ म्हणणारा पुष्कळ जास्त यशस्वी होतो. आपल्याकडे नेम धरणारी आजी ‘तुळशीपाशी दिवा लावला की एक समास’ असं ठरवते तेव्हा ती हेच करते. ‘दासबोधा’चे समास 200. रोज एक धरला तर सात महिन्यांच्या आत ग्रंथ पुरा होतो, आणि कुठल्याही दिवशी पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही.

हाच हिशेब गद्य पुस्तकांना लावून पाहू. मध्यम आकाराचं मराठी पुस्तक 200 पानांचं धरा. वर्षाला 52 म्हणजे 10,400 पानं, दिवसाला साधारण 28 ते 29. न चुकता तासभर तरी हवा. रोज दहा पानांचा नेम धरला तर वर्षात 3,650 पानं होतात, म्हणजे अठरा पुस्तकं. मधे लग्नसराई, आजारपण, पेरणी यांत दोन महिने बुडाले तरी पंधरा उरतातच. वर्षाला एकही पुस्तक न वाचणाऱ्या घरात पंधरा पुस्तकं ही किती मोठी गोष्ट आहे, ते त्या घरातल्या मुलांवरून चार वर्षांत कळतं.

याच जिल्ह्याच्या मातीतून आलेल्या एका वाचकाचं उदाहरण घेतल्याशिवाय हा आढावा पुरा होणार नाही. नरहर कुरुंदकर 15 जुलै 1932 रोजी नांदापूरला जन्मले. हे गाव आज हिंगोली जिल्ह्यात आहे; त्यांच्या आडनावातलं कुरुंदा वसमत तालुक्यात. त्या काळी मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, उस्मानिया विद्यापीठाचं माध्यम उर्दू होतं, मराठी पुस्तक मिळवणं हेच एक काम होतं. मराठी वाचनालय काढणं म्हणजे नुसती पुस्तकांची सोय नव्हती. निजामी राजवटीत मराठी माणसांना एकत्र बसायला मिळणारी ती थोड्या जागांपैकी एक होती. कुरुंदकर शिकायला हैदराबादला गेले, हैदराबाद मुक्तिलढ्यात ओढले गेले, इंटरच्या परीक्षेत नापास होत राहिले आणि त्याच वर्षांत ग्रंथालयं पालथी घालत राहिले. पुढे नांदेडच्या पीपल्स कॉलेजात ते प्राध्यापक आणि प्राचार्य झाले. ‘जागर’, ‘शिवरात्र’, ‘धार आणि काठ’ ही पुस्तकं, मनुस्मृतीवरची व्याख्यानं, रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ला लिहिलेली दीर्घ प्रस्तावना, नाट्यशास्त्रावरचं चिंतन हे सगळं त्या वाचनातून उभं राहिलं. 10 फेब्रुवारी 1982 रोजी वयाच्या पन्नाशीच्या आतच ते गेले.

त्यांच्या लेखनावरून वाचनाची पद्धत स्पष्ट दिसते. ते एक प्रश्न धरत आणि त्या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंचं जे मिळेल ते वाचत. ज्यांचं म्हणणं पटत नाही त्यांचे ग्रंथ तर अधिक बारकाईनं. हिंगोलीतल्या तरुणाला वर्षाचा संकल्प करायचा असेल तर मी हा सुचवीन: बारा पुस्तकं कोणतीही वाचण्याऐवजी एक प्रश्न घ्या आणि वर्षभर त्याचाच पाठलाग करा. आपल्या भागाची शेती हा प्रश्न घेतला, तर वसमत तालुक्यातल्या रिधोऱ्यात जन्मलेल्या इंद्रजित भालेरावांच्या ‘पीकपाणी’पासून सुरुवात करता येते, शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या आसाराम लोमटे यांच्या, साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या ‘आलोक’मधल्या कथांकडे जाता येतं, मागे वळून बी. रघुनाथांपर्यंत पोहोचता येतं आणि मग शेतीच्या अर्थकारणावरची पुस्तकं हाती घेता येतात. सहा पुस्तकं झाली तरी चालतील. वर्षाच्या शेवटी त्या माणसाकडे सांगायला काहीतरी असेल.

मराठवाड्यात आणखी एक आव्हान आहे. वार्षिक वाचनाच्या चर्चेत त्याचं नाव कुणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं. 14 एप्रिलच्या आसपास गावोगावच्या महाविद्यालयांत, वसतिगृहांत, बुद्धविहारांत सलग 18 तास वाचनाचा उपक्रम होतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर दिवसातले अठरा तास अभ्यास करीत या आठवणीतून तो आला. सकाळी सहाला बसायचं, रात्री बाराला उठायचं. मधे चहा-जेवणाची सुट्टी. ज्यांच्या आजा-पणजांना अक्षरापासून दूर ठेवलं गेलं, त्यांची नातवंडं जयंती साजरी करायला पुस्तक उघडून बसतात. जगातल्या कुठल्याही वाचन-आव्हानाला इतका मोठा अर्थ लाभलेला मला ठाऊक नाही. अठरा तासांत किती पानं झाली हे तिथं कुणी विचारत नाही. इतकंच वाटतं की, त्या दिवशी जमलेल्या मुलांना दुसऱ्या दिवसापासून रोज अठरा मिनिटांचा नेम द्यावा आणि पुढच्या 14 एप्रिलला त्याचा आढावा घ्यावा. मग तो एका दिवसाचा उपक्रम वर्षभराचा होईल.

सरकारी उपक्रमांबद्दल थोडक्यात. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची जयंती, 15 ऑक्टोबर, 2015पासून महाराष्ट्रात वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळली जाते. केंद्राची ‘पढे भारत’ ही 100 दिवसांची मोहीम 1 जानेवारी 2022 रोजी सुरू झाली. पुढे शाळांसाठी ‘महावाचन उत्सव’ आला आणि 2025च्या जानेवारीत महाविद्यालयांसाठी ‘वाचन संकल्प महाराष्ट्राचा’. हेतू चांगले आहेत आणि काही शिक्षक यांचं सोनं करतात. पण बहुतेक ठिकाणी फोटो काढून अहवाल वर पाठवला की उपक्रम संपतो. दिवस, पंधरवडा, शंभर दिवस अशा मुदतींतून सवय लागत नाही. शिवाय ज्या मुलांना पाचवीत जाऊनही दुसरीचा उतारा अडखळत वाचावा लागतो, त्यांच्यापुढे पुस्तकांचा आकडा ठेवणं हा अन्याय आहे. त्यांना रोज कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवायला हवं. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी फुकट आहेत, बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे 1971पासूनचे जुने अंक ऑनलाइन वाचता येतात. सामग्रीची वाण नाही. वाचून दाखवणारं माणूस मात्र वर्गात हवं.

मोठ्यांच्या बाबतीत खरा प्रश्न ग्रंथालयाचा आहे. 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा 2011च्या जनगणनेनुसार सुमारे पावणेबारा लाखांचा, साक्षरता 78 टक्क्यांच्या आसपास. राज्याच्या 1967च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता आणि अनुदान मिळणारी ग्रंथालयं इथं तालुक्याला आहेत, खेड्यांतही आहेत. त्यांतली अनेक ‘क’ आणि ‘ड’ वर्गातली, म्हणजे तुटपुंज्या अनुदानावर आणि एखाद्या ग्रंथपालाच्या निष्ठेवर चालणारी. शहरातल्या अभ्यासिका पोलीस भरती, तलाठी, शिक्षक पात्रता परीक्षा यांच्या तयारीला बसलेल्या मुलामुलींनी भरलेल्या असतात, आणि पलीकडच्या देवघेव काउंटरवर पुस्तक बदलायला येणारा विरळा. ही मुलं वाचत नाहीत असं म्हणणं चूक आहे. ती दिवसाचे दहा-दहा तास वाचतात. त्यांच्या वाचनात गाइडाबाहेरचं एक पान रोज कसं शिरेल, हे पाहायला हवं. बायकांची अडचण निराळीच. त्यांना उसंत मिळते दुपारी आणि बरीच ग्रंथालयं उघडतात संध्याकाळी, स्वयंपाकाच्या वेळेला. विनायक रानडे यांनी 2009मध्ये नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं. वाचकांच्या एका गटाकडे पुस्तकांची पेटी सोपवायची आणि काही महिन्यांनी ती दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलायची, अशी ही योजना परदेशातल्या मराठी मंडळींपर्यंत गेली. बचत गटाच्या बायकांच्या हाती अशी पेटी दिली तर ग्रंथालय उघडण्याची वाट पाहावी लागणार नाही.

आणि वर्षाची सुरुवात कधी धरायची, हाही साधा प्रश्न नाही. 1 जानेवारी हा हिंगोलीच्या शेतकरी घराला संकल्पाचा दिवस नव्हेच. तेव्हा हरभरा रानात असतो, आणि पाठोपाठ हळद काढणीला येते. ती काढायची, शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची आणि वसमत-हिंगोलीच्या बाजारात न्यायची, यात मार्च-एप्रिल निघून जातो. जूनमध्ये पेरणी, ऑक्टोबरात सोयाबीन. ऊसतोडीला किंवा शहरात कामाला जाणारी कुटुंबं तर दिवाळीनंतर गावात नसतातच. जुन्या लोकांनी वाचनाचा काळ आषाढी ते कार्तिकी असा चातुर्मासाचा ठरवला. पेरण्या आटोपलेल्या, रात्री पावसाच्या, सोयाबीन काढणीला येईपर्यंत बाहेर फारसं काम नाही. आजही याहून सोयीचा काळ सापडणार नाही. चार महिन्यांचा नेम पुरा होत आला की दिवाळी अंक हातात येतात आणि ते हळदीच्या काढणीपर्यंत पुरतात. आपल्या कामाच्या वर्षाशी जुळणारं असं वाचनाचं वर्ष आपल्याकडे तयारच आहे.

म्हणून जिल्ह्यातल्या ग्रंथपालांना, शिक्षकांना आणि बचत गटांच्या अध्यक्षांना माझी विनंती आहे. येत्या आषाढी एकादशीला देवघेव काउंटरवर एक जाड वही ठेवा. ज्याला नेम धरायचा आहे त्यानं नाव, रोजची वेळ आणि पहिल्या पुस्तकाचं नाव लिहावं. आकडा लिहू नये. पंधरा दिवसांतून एकदा, एकादशीच्या दिवशी, जमेल त्यांनी तासभर एकत्र बसावं आणि आपण काय वाचलं ते दुसऱ्याला सांगावं. ज्याला वाचता येत नाही त्यालाही बोलवा, त्याच्यासाठी कुणीतरी मोठ्यानं वाचा. महिलांसाठी आठवड्यातले दोन दिवस ग्रंथालय दुपारी उघडं ठेवा. कार्तिकीला समाप्ती करा, आणि त्या दिवशी बक्षीस द्यायचंच असेल तर ते पहिल्या क्रमांकाला देऊ नका. नेम पुरा करणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या आवडीचं एक पुस्तक द्या.